शंका येते म्हणून लाजतोस कशाला?

ताई, मी २९ वर्षांचा आहे. नोकरी बरी आहे, पण पगार वीस तारखेपर्यंतच पुरतो आणि कामात जीव रमत नाही. काही महिन्यांपासून ऑनलाइन बिझनेस शिकवणाऱ्या एका सरांना फॉलो करतोय. त्यांचा मोफत वेबिनार केला, मग थोडे पैसे भरून तीन दिवसांचं वर्कशॉप केलं. आता वर्षभराची मेंटॉरशिप घे म्हणतात. फी माझ्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी आहे. त्यांच्या टीममधल्या मॅडम रोज फोन करतात. क्रेडिट कार्डाची लिमिट वाढवून घ्या, दोन महिन्यांत फी वसूल होईल, असं सांगतात. सरांची गाडी, ऑफिस, कमाईचे स्क्रीनशॉट, सगळं पाहिलंय. मित्र म्हणतो, हा सगळा बनाव आहे. पण सर सांगतात की शंका घेणारी माणसं जन्मभर नोकरीच करत राहतात, आणि ते ऐकून मला माझीच लाज वाटते. बायकोला अजून काही बोललेलो नाही. मला व्हिडिओ एडिटिंग बऱ्यापैकी येतं, ओळखीतल्या दोघांनी पैसे देऊन माझ्याकडून करूनही घेतलं, पण त्याला काही बिझनेस म्हणता येणार नाही. ताई, एकच सांगा. सर खरे आहेत की खोटे?
– गोंधळलेला

प्रिय गोंधळलेल्या,

तुझे सर खरे की खोटे, मला माहीत नाही. आणि ते कळून तुला फारसा उपयोगही नाही. धरून चाल की ते शंभर टक्के खरे आहेत. गाडी त्यांच्याच नावावर आहे, ऑफिस स्वतःचं आहे, स्क्रीनशॉटमधला आकडा न् आकडा खरा आहे. तरी मूळ प्रश्न राहतोच: हा पैसा आला कुठून? ते जो धंदा शिकवतात त्यातून, की शिकवण्याच्या धंद्यातून? तुझं अख्खं पत्र मी दोनदा वाचलं. सरांची गाडी कोणत्या रंगाची आहे हेही तू मला सांगू शकशील, पण ते नेमकं काय विकतात, कोणाला विकतात, हे त्यात एका ओळीनंही आलेलं नाही. तुला ते सांगितलंच गेलं नसणार.

या दोन कमायांमध्ये किती अंतर असू शकतं, याचं एक नोंदलेलं उदाहरण देते. 'बाप ऑफ चार्ट' या नावाने शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या एका माणसावर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. अनुयायी लाखांत, कोर्स जोरात, आणि जाहिरातीत भरघोस नफ्याची हमी. सेबीने त्याचे स्वतःचे व्यवहार तपासले, तेव्हा जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्याला बाजारात सुमारे २.८९ कोटींचा तोटा झालेला निघाला. आणि लोकांकडून घेतलेल्या पैशांपोटी जमा करायला सांगितलेली रक्कम होती १७ कोटींहून जास्त. म्हणजे माणूस श्रीमंत होत होता हे खरंच होतं. फक्त ज्या विद्येचे पैसे घेत होता, ती विद्या त्याच्याच खिशाला भोक पाडत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, फक्त इथे कोरडा पाषाण चांगला भिजलेला होता, तोही इतरांच्या पैशांत.

याच्याही पुढची पायरी असते. कधी कधी शिकवला जाणारा 'बिझनेस' म्हणजे तोच कोर्स पुढच्या माणसाला विकणं, एवढाच असतो. अमेरिकेत 'मोबे' नावाच्या कंपनीचं असंच होतं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, तिच्यावर खटला भरला. घरबसल्या कमाईची २१ पायऱ्यांची पद्धत शिकवतो म्हणून ती आधी ४९ डॉलर घ्यायची. आत शिरलं की कळायचं, खरी कमाई हवी तर वरची मेंबरशिप घ्या, मग त्याच्या वरची. चढत चढत गेलं की आकडा ६०,००० डॉलरपर्यंत जायचा. आणि ती मेंबरशिप घेऊन करायचं काय? तर तीच मेंबरशिप दुसऱ्यांना विकून कमिशन मिळवायचं. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे या मार्गाने कंपनीने १२ कोटी ५० लाख डॉलरहून जास्त गोळा केले आणि बहुतेक लोकांच्या पदरी नुकसानच पडलं.

म्हणून तुझ्या सरांच्या शिष्यांपैकी जे 'सक्सेस स्टोरी' म्हणून पुढे येतात, ते आज काय विकतात ते नीट बघ. निम्मे जण तोच कोर्स, किंवा त्याच्यासारखा आपला नवा कोर्स विकताना दिसले, तर तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं असं समज.

आता त्या फोनवाल्या मॅडमबद्दल. आवळा देऊन कोहळा काढणं आपल्याकडे जुनंच आहे, पण ते एखाद्या कारखान्यासारखं बसवता येतं हे या मंडळींनी दाखवून दिलं. आधी मोफत, मग थोडे पैसे, मग एकदम डोळे फिरवणारी रक्कम. तू थोडे पैसे भरलेस तेव्हाच तू त्यांच्या यादीत वेगळ्या रकान्यात गेलास: 'हा भरतो'. शिवाय आपण एकदा पैसे घातले की ते वाया गेले असं म्हणणं जिवावर येतं, मग ते वाचवायला आणखी घालतो. त्या तीन दिवसांत तुला बिझनेस किती शिकवला आणि मेंटॉरशिप किती विकली, हे जरा आठवून बघ. तिसऱ्या दिवशीचं दुपारनंतरचं सत्र कशावर होतं? मला वाटतं, तुला उत्तर ठाऊक आहे.

क्रेडिट कार्डाची लिमिट वाढवायचा सल्लाही काही मॅडमच्या डोक्यातून आलेला नाही. 'ट्रम्प युनिव्हर्सिटी' नावाचा एक उद्योग अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झाला होता. नाव युनिव्हर्सिटी, पण ती विद्यापीठ नव्हती. जमीनजुमल्याच्या व्यवहारात श्रीमंत कसं व्हायचं ते तिथे शिकवणार होते. आधी मोफत सेमिनार, मग १,४९५ डॉलरचं तीन दिवसांचं वर्कशॉप, आणि त्यातून जवळपास ३५,००० डॉलरची मेंटॉरशिप. ओळखीचं वाटतंय ना? न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे त्या राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, केलेल्या दाव्यात एक तपशील आहे: वर्कशॉपमध्ये लोकांना कार्ड कंपनीला फोन करून लिमिट वाढवून घ्यायला सांगायचे. कारण दिलं जायचं की पुढे जमिनीचे सौदे करायला पैसा हाताशी हवा. प्रत्यक्षात ती वाढलेली लिमिट मेंटॉरशिपच्या फीसाठी उपयोगी पडायची. तिथले शिक्षक खुद्द ट्रम्प यांनी निवडलेत असं जाहिरातीत म्हटलं होतं, तेही तसं नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये, चूक कबूल न करता, अडीच कोटी डॉलर देऊन हे दावे मिटवले गेले.

या मॅडमना पगार कशावर मिळतो, असा विचार केलास का कधी? बहुतेक ठिकाणी ही माणसं कमिशनवर असतात. त्यांनी तुझी चौकशी केली, स्वप्नं विचारली, आईवडिलांबद्दल विचारलं, आणि हे सगळं लिहूनही ठेवलं असणार. पुढच्या फोनमध्ये 'आईसाठी तरी कराल ना?' असं ऐकू आलं तर दचकू नकोस. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचं ते काम आहे. पण तुझ्या आठ महिन्यांच्या पगाराचा निर्णय कमिशनवर काम करणाऱ्या माणसाच्या सल्ल्याने घ्यायचा नसतो.

स्क्रीनशॉटचं म्हणशील तर एक गंमत करून बघ. कम्प्युटरवर तुझ्या बँकेचं पान उघड. शिल्लक रकमेवर राइट क्लिक कर आणि 'इन्स्पेक्ट' निवड. बाजूला एक खिडकी उघडेल, त्यात तुझी शिल्लक एका ओळीत दिसेल. तिच्यावर डबल क्लिक करून पुढे चार शून्यं लाव, एंटर दाब, खिडकी बंद कर. आता पानावर बघ, झालास कोट्यधीश. अक्षर तेच, रंग तोच, बँकेचं बोधचिन्ह जागच्या जागी. पान रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत, पण तोवर स्क्रीनशॉट निघालेला असतो. मोबाइलवर व्हिडिओ काढलास तरी तोच आकडा दिसेल. हे करायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं आणि कोणतंही शिक्षण लागत नाही.

आणि आकडा खरा असला तरी तो बहुधा विक्रीचा असतो, नफ्याचा नव्हे. कोर्स विकणाऱ्यांचा जाहिरातींवरचा खर्च प्रचंड असतो. त्याशिवाय अफिलिएटचं, म्हणजे आपल्या लिंकवरून गिऱ्हाईक आणून देणाऱ्यांचं कमिशन, विक्री करणाऱ्यांचं कमिशन, परत केलेल्या फिया, कर, पगार. शंभरातले शेवटी हातात किती उरले, ते कोणी दाखवत नाही. 'एका महिन्यात इतके' असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा तो महिना बाराही महिन्यांतून निवडलेला असतो. उरलेल्या अकरांबद्दल विचार.

गाडी आणि विमानाच्या फोटोंचं तर बोलायलाच नको. २०२० मध्ये लॉस एंजेलिसमधला एक फोटो स्टुडिओ बराच गाजला. आत खासगी विमानाच्या केबिनचा हुबेहूब सेट, भाडं तासाला ६४ डॉलर. लोक तिथे बसून फोटो काढायचे आणि आकाशात असल्यासारखे टाकायचे. 'बेस्टसेलिंग लेखक' या बिरुदाचीही तीच कथा. २०१६ मध्ये एका अमेरिकन मार्केटिंगवाल्याने आपल्या पायाचा फोटो 'पुस्तक' म्हणून अॅमेझॉनवर टाकला, कोणी फिरकत नाही अशा वर्गात त्याची नोंद केली, आणि तीन प्रती खपताच त्या वर्गात तो पहिल्या क्रमांकावर गेला. तीन! हे त्याने मुद्दाम केलं होतं, ही पदवी किती स्वस्त आहे ते दाखवायला, आणि नंतर स्वतःच सगळं लिहून जाहीर केलं. जे जाहीर करत नाहीत ते ती पदवी नावापुढे लावून फिरतात. पैसे देऊन छापून आणलेल्या मुलाखती आणि प्रवेश शुल्क भरून मिळणारे पुरस्कारही याच माळेतले.

जाता जाता, पुढच्या वेळी त्यांचा 'लाइव्ह' वेबिनार सुरू असताना चॅटमध्ये विचार, 'सर, आज वार कोणता?' बरेचसे लाइव्ह वेबिनार आधीच रेकॉर्ड केलेले असतात. 'वा सर!', 'मी आत्ताच जॉइन केलं!' हे मेसेजही ठरलेल्या मिनिटाला आपोआप वर येतात. आणि 'फक्त पंधरा मिनिटं उरली' असं ते उलटं चालणारं घड्याळ दिसलं, की तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघड, म्हणजे तू आधी येऊन गेलास हे त्या पानाला कळत नाही. पुष्कळदा ते पुन्हा पंधरापासून सुरू होतं.

आता टेस्टिमोनियल, म्हणजे 'मला फायदा झाला' असं सांगणारे शिष्यांचे व्हिडिओ. इथे खोटेपणा असावाच लागत नाही, म्हणून हे जास्त फसवं. समज, त्यांच्या साइटवर वीस जणांचे व्हिडिओ आहेत आणि वीसही जण खरे आहेत. पण कोर्स घेतलेले एकूण किती? दहा हजार असतील, तर वीस म्हणजे ०.२ टक्के. दहा हजार धडपड्या माणसांपैकी वीस जण कोणताही कोर्स न घेताही वर आले असते. उरलेल्या ९,९८० जणांना कोणी कॅमेऱ्यासमोर बसवत नाही. तेही बोलत नाहीत, कारण बहुतेकांना हेच वाटतं की आपणच कमी पडलो. तुला आत्ता वाटतंय ना, तसंच.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच. शंका आली म्हणून तुला लाज वाटते. अरे, ही लाज तुझ्या मनात आपोआप उगवलेली नाही, ती पेरलेली आहे. 'शंका घेणारे गरीब राहतात' या एका वाक्यात केवढी सोय आहे बघ. तू विचारलंस की हिशोब दाखवा, तर तुझी वृत्ती नकारात्मक. मित्राने सावध केलं, तर तो तुझे पाय ओढतो. कोर्स करून पैसे मिळाले, तर सरांची पद्धत थोर. नाही मिळाले, तर तुझी मेहनत कमी, विश्वास कमी. म्हणजे काहीही झालं तरी सर चुकत नाहीत. जो दावा कोणत्याही परिस्थितीत खोटा ठरूच शकत नाही, त्याच्यावर आठ महिन्यांचा पगार लावायचा?

खरं काम शिकवणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. सुतारकाम शिकवणारे, हिशोब शिकवणारे, कोडिंग शिकवणारे. शिष्याने शंका विचारली की त्यांना बरं वाटतं, कारण मुलगा लक्ष देतोय हे कळतं. आणि बिझनेसमध्ये तर शंका हेच भांडवल. उद्या तू खरोखर धंदा काढलास, तर माल देणाऱ्यावर, गिऱ्हाइकाच्या उधारीवर, स्वतःच्या अंदाजावर रोज शंका घ्यावी लागेल. मग शंका घेऊ नका असं शिकवणारा माणूस तुला कोणता धंदा शिकवणार आहे?

सगळेच कोर्स भंपक असतात असं मी म्हणत नाही. एखादं सॉफ्टवेअर, जाहिराती चालवणं, हिशोब ठेवणं, असं एक नेमकं कौशल्य माफक फीमध्ये शिकवणारे चांगले लोक ऑनलाइन आहेत. ते तुला श्रीमंतीचं वचन देत नाहीत, महिन्याभराने तुला काय करता येईल तेवढं सांगतात.

तू आता असं कर. मॅडमचा फोन आला की शांतपणे म्हण, 'मी लेखी विचारतो, लेखीच कळवा.' आणि हे पाठव: एक, कोर्स आणि वर्कशॉप वगळून सरांचा चालू व्यवसाय कोणता, आणि त्यातून गेल्या आर्थिक वर्षात नफा किती? दोन, दोन वर्षांपूर्वीच्या एका बॅचमध्ये एकूण किती जण होते, त्यातल्या किती जणांनी फी वसूल केली, आणि त्या बॅचमधल्या मी निवडलेल्या पाच जणांशी मला बोलता येईल का? तीन, रिफंडच्या सगळ्या अटी, पैसे भरण्याआधी. या तिसऱ्यात बारकाईने बघ. 'सगळे असाइनमेंट पूर्ण केले, सगळ्या कॉलला हजर राहिलात, तरीही निकाल आला नाही, तर आणि सात दिवसांत कळवलंत तर' अशी ती हमी बहुतेकदा असते. सात दिवसांत सगळे असाइनमेंट कसे पूर्ण होणार, हे कोणी विचारत नाही.

मला वाटतं, उत्तराऐवजी तुला एक भावनिक व्हॉइस मेसेज येईल. किंवा अचानक फी अर्ध्यावर येईल. फी अर्ध्यावर आली म्हणून हुरळून जाऊ नकोस. काल जी किंमत ठाम होती ती आज निम्मी झाली, यातून किमतीबद्दल काय समजायचं ते समज.

आणि आता ते, जे तू शेवटी दोन ओळींत उरकलंस. दोघांनी तुझ्याकडून व्हिडिओ एडिट करून घेतले आणि पैसे दिले. 'त्याला काही बिझनेस म्हणता येणार नाही,' असं तू लिहितोस. का नाही म्हणायचं? तुला काहीतरी येतं, ते दुसऱ्याला हवं होतं, त्याने तुला पैसे दिले. व्यवसाय म्हणजे एवढंच असतं, पुढचं सगळं याच गोष्टीचा विस्तार. तीन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तुला कोणी विचारलं का की तुला काय येतं? त्या दोघांना या आठवड्यात फोन कर. काम आवडलं का, काय खटकलं, पुन्हा देणार का, आणखी कोणाला गरज आहे, हे विचार. काम किती तासांत झालं ते लिहून ठेव आणि तासाला किती पडले ते काढ. आकडा लहान येईल. चालेल, तो तुझा आहे आणि त्याला कोणतंही 'इन्स्पेक्ट' करावं लागलेलं नाही. तिसरं गिऱ्हाईक मिळालं की दर थोडा वाढवून बघ. नोकरी सोडायचा विचार तूर्त नको. वीस तारखेला संपणारा पगारही पगार असतो, आणि त्याच्या जिवावरच तुला वाईट गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं.

बायकोला मात्र आजच सांग. वर्कशॉपचे पैसे गेले तेही सांग. ती चिडेल कदाचित, पण आठ महिन्यांच्या पगाराचा खड्डा पडल्यावर सांगण्यापेक्षा आत्ता सांगणं सोपं आहे. कार्डाची लिमिट वाढवायचा अर्ज दिला असशील तर तो रद्द कर, आणि कार्डाचा नंबर त्यांच्या साइटवर साठवला गेला असेल तर काढून टाक. बँकेच्या अॅपमध्ये एखादा आपोआप जाणारा हप्ता मंजूर झालाय का, तेही एकदा तपास.

मॅडमकडून लेखी उत्तर आलं तर मला पाठव. आपण दोघं मिळून वाचू.

– ताई